स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सार्वजनिक गोल्फ-मैदानें

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, अशी आपल्याकडील सर्वसाधारण समजूत आहे. आणि ती अगदींच निराधार आहे असें म्हणवत नाहीं. उंच कुंपण, फाटकावर पहारेकरी, आंत हिरवेंगार गवत आणि दूरवर संथपणें चाललेली दोन-चार मंडळी, एवढेंच या खेळाचें दर्शन आपल्यापैकीं बहुतेकांस रस्त्यावरून जातां येतां घडलेलें असतें. परंतु ज्या देशांत हा खेळ वाढला त्या स्कॉटलंडांत पाहूं गेल्यास चित्र निराळेंच दिसतें. तेथील अत्यंत नामांकित अशीं कांहीं मैदानें कोणा धनिकाचीं वा क्लबाचीं नसून गांवाचीं आहेत. हें कसें घडलें, तीं मैदानें गांवाच्या हातीं कशीं टिकलीं, आणि तीं पाहण्यासारखीं कां आहेत, हें आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगावें असा आमचा हेतु आहे. याकरितां एडिंबरो शहरापासून उत्तरेस ॲबर्डीनपर्यंत आपण किनाऱ्याकिनाऱ्यानें जाऊं.

प्रथम खेळाचें स्वरूप सांगतों. एक लहानसा कठीण चेंडू काठीनें टोलवीत टोलवीत दूरच्या एका भोंकांत घालावयाचा, एवढाच हा खेळ. चेंडूचा व्यास १.६८ इंचांहून कमी नसावा व वजन १.६२ औंसांहून अधिक नसावें, असा नियम आहे. भोंकाचा व्यास सव्वाचार इंच असतो. पहिला टोला जेथून मारावयाचा त्या जागेस 'टी' म्हणतात. भोंकाभोंवतालच्या गुळगुळीत हिरवळीस 'ग्रीन' म्हणतात. आणि टीपासून ग्रीनपर्यंतच्या एका टप्प्यास 'होल' हें नांव आहे. असे अठरा होल पुरे केले म्हणजे एक फेरी झाली. वाटेंत 'बंकर' नांवाचे वाळूचे खड्डे, ओढे व झुडपें असतात. त्यांतून सुटून ज्यानें कमी टोल्यांत फेरी पुरी केली तो जिंकला. नेहमींच्या खेळांत पंच नसतो. आपले टोले आपणच मोजावयाचे आणि खरे सांगावयाचे. या एका गोष्टीसाठीं तरी हा खेळ शाळकरी मुलांनीं जाणून घेण्यासारखा आहे.

हा खेळ स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच इतका कां रुजला, याचें उत्तर तेथील जमिनींत आहे. समुद्र व शेतें यांच्यामध्यें वाळूच्या टेकाडांचा एक पट्टा तेथें ठिकठिकाणीं आढळतो. त्यास 'लिंक्स' म्हणतात. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाचें प्रचंड ओझें उतरल्यावर तेथील भूमि हळूहळू वर उचलली गेली, समुद्र मागें हटला, आणि उघड्या पडलेल्या वाळूचीं टेकाडें वाऱ्यानें रचलीं. त्या वाळूंत धान्य पिकेना. बारीक व चिवट असें गवत मात्र वाढलें. मेंढ्या व ससे यांनीं तें कुरतडून आंखूड राखलें. पावसाचें पाणी वाळूंत झटकन् जिरत असल्यामुळें हिंवाळ्यांतही तेथें पाय चिखलांत रुतत नाहीं. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्या ज्या खळग्यांत बसत, त्यांतूनच पहिले बंकर निर्माण झाले, असें परंपरेनें सांगतात. म्हणजे हीं मैदानें प्रथम आंखलीं तीं निसर्गानेंच.

शेतीस निरुपयोगी म्हणून ही जमीन आपल्याकडील गायरानाप्रमाणें साऱ्या गांवाच्या वहिवाटीची राहिली. कोणी तेथें गुरें चारावीं, कोणी कपडे वाळत घालावे, कोणी कवाईत करावी, मुलांनीं चेंडू खेळावा. गोल्फ हा या अनेक वहिवाटींपैकीं एक होय. इ. स. १४५७ मध्यें राजा दुसरा जेम्स याच्या पार्लमेंटनें फुटबॉल व गोल्फ या दोहोंवर बंदी घातली. कारण लोक तिरंदाजीचा सराव टाकून या खेळांतच रमूं लागले होते. ही बंदीची आज्ञा म्हणजेच गोल्फची सर्वांत जुनी लेखी नोंद होय. पुढें १४७१ व १४९१ मध्यें ती बंदी पुन्हां घालावी लागली, यावरून ती कितपत पाळली गेली असेल हें वाचकांनींच ताडावें. अखेर इ. स. १५०२ मध्यें राजा चौथा जेम्स यानें स्वतःच पर्थ येथील धनुष्यें बनविणाऱ्या एका कारागिराकडून गोल्फच्या काठ्या खरेदी केल्याची नोंद सांपडते. ज्या धनुष्यासाठीं खेळ बंद केला, तें करणाराच राजास काठ्या पुरवूं लागला!

आतां प्रवासास आरंभ करूं. एडिंबरो ही स्कॉटलंडची राजधानी. तिच्या भरवस्तींत ब्रंट्सफील्ड लिंक्स नांवाचें एक हिरवें पटांगण आहे. पूर्वीं शहराची जी विस्तीर्ण सार्वजनिक जमीन होती, तिचा हा उरलेला तुकडा. येथें उन्हाळ्यांत आंखूड आंखूड असे ३६ होल मांडलेले असतात व खेळण्यास कसलीही फी पडत नाहीं. आपली काठी व चेंडू घेऊन यावें आणि खेळूं लागावें. शाळा सुटल्यावर मुलें, कचेरी सुटल्यावर बाप आणि दुपारीं पेन्शनर, असे सर्वच येथें दिसावयाचे. ज्यास हा खेळ मुळींच ठाऊक नाहीं त्यानें प्रथम येथेंच जावें असें आम्ही सुचवितों.

एकोणिसाव्या शतकांत शहर वाढलें, पटांगणावर चालणाऱ्यांची गर्दी झाली, आणि कोणास चेंडू लागेल याचें भय वाटूं लागलें. तेव्हां खेळ बंद करण्याऐवजीं नगरपालिकेनें दुसरा मार्ग काढला. शहराच्या दक्षिणेस ब्रेड हिल्स नांवाच्या टेकड्या आहेत. त्या घेऊन तेथें इ. स. १८८९ मध्यें सार्वजनिक मैदान खुलें करण्यांत आलें. हें मैदान लिंक्स नव्हे, टेकडीवरचें आहे. गॉर्स नांवाच्या पिवळ्या फुलांच्या कांटेरी झुडपांतून वाट काढीत खेळावें लागतें. येथून सारें शहर, किल्ला आणि पलीकडील फोर्थची खाडी एका दृष्टिक्षेपांत येते. खेळ न येणारासही केवळ देखाव्यासाठीं येथें चढून जाण्याचे श्रम वाया गेले असें वाटणार नाहीं.

शहराच्या बंदराकडील भागांत लीथ लिंक्स आहे. आज तें सार्वजनिक उद्यान असून तेथें गोल्फ खेळत नाहींत. परंतु इतिहासांत त्याचें स्थान मोठें आहे. इ. स. १७४४ मध्यें नगरपालिकेनें येथील सामन्यासाठीं चांदीची काठी बक्षीस लाविली, आणि त्यानिमित्तें खेळणाऱ्यांनीं १३ नियम लिहून काढले. गोल्फचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखी नियम ते हेच. त्या वेळीं येथें अवघे पांच होल होते. पहिला विजेता जॉन रॅट्रे हा शस्त्रवैद्य होता. हे नियम करणारी मंडळी पुढें प्रथम मसलबरा येथें व नंतर १८९१ मध्यें म्यूरफील्ड येथील स्वतःच्या खासगी मैदानावर गेली. त्या क्लबानें स्त्रियांस सभासद करून घेण्याचा ठराव मंजूर केला तो २०१७ सालीं! हें साल वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण आतां ज्या गांवीं आपण जाणार आहों, तेथील हकीगत याच्या अगदीं उलट आहे.

एडिंबरोच्या पूर्वेस समुद्रकांठीं मसलबरा हें गांव आहे. येथील जुनें मैदान नऊ होलांचें असून तें घोड्यांच्या शर्यतींच्या मार्गाच्या आंत वसलेलें आहे. या ठिकाणीं गोल्फ खेळल्याची लेखी नोंद इ. स. १६७२ ची आहे. १८७४ ते १८८९ या काळांत 'ओपन' ही सुप्रसिद्ध अजिंक्यपद-स्पर्धा येथें सहा वेळां झाली. भोंक पाडण्याचें १८२९ सालचें एक यंत्र याच गांवाशीं निगडित आहे. त्याच्या मापाचें सव्वाचार इंची भोंक हेंच पुढें सर्वत्र प्रमाण मानलें गेलें. परंतु आम्हांस विशेष वाटते ती येथील कोळणींची गोष्ट. इ. स. १८१० च्या डिसेंबरांत येथील क्लबानें असा ठराव केला कीं, नववर्षाच्या सामन्यांत जी कोळीण उत्तम खेळेल तिला मासळीची नवी टोपली व शाल बक्षीस द्यावी, आणि त्याशिवाय बार्सिलोनाचे उत्तम रेशमी रुमालही द्यावे. पाठीवर मासळीच्या टोपल्या वाहणाऱ्या कष्टकरी बायका सणाच्या दिवशीं गांवच्या मैदानावर गोल्फ खेळत! याचें कारण उघड आहे: मैदान गांवाचें होतें, आणि कोळणीही गांवाच्याच होत्या. आजही हें मैदान सर्वांस खुलें असून जुन्या पद्धतीच्या लांकडी दांड्याच्या काठ्या भाड्यानें घेऊन तेथें खेळतां येतें.

फोर्थची खाडी ओलांडून फाईफ प्रांतांत शिरलें म्हणजे आपण सेंट अँड्र्यूज येथें पोंचतों. विद्यापीठाचें हें लहानसें गांव गोल्फचें माहेरघर मानलें जातें. येथील 'ओल्ड कोर्स' म्हणजे जुनें मैदान पाहण्यास जगाच्या कानाकोपऱ्यांतून लोक येतात. मैदानाच्या तोंडाशीं एका जगप्रसिद्ध क्लबाची भव्य दगडी इमारत उभी आहे. त्यामुळें मैदानही त्या क्लबाचेंच असावें असें नवख्यास वाटतें. परंतु मैदान क्लबाचें नव्हे, लोकांचें आहे.

या मैदानाचे कांहीं विशेष विद्यार्थ्यांस गमतीचे वाटतील. जातांना नऊ होल समुद्राच्या खाडीकडे जातात व येतांना नऊ गांवाकडे परततात. जुन्या काळीं जाण्यायेण्याची वाट एकच होती. ती रुंद झाल्यावर सात ग्रीन दोन दोन होलांस समाईक ठेवण्यांत आल्या. दुसरा होल सोळाव्यासह, तिसरा पंधराव्यासह, अशी जोडी आहे. आणि कोणत्याही जोडीची बेरीज घ्या, ती अठराच येते! इ. स. १७६४ पर्यंत येथील फेरी २२ होलांची होती. आरंभींचे होल फार आंखूड वाटल्यावरून चारांचे दोन करण्यांत आले. तेच जातां येतां दोनदां मोजले जात असल्यामुळें २२ चे १८ झाले, आणि पुढें साऱ्या जगानें तोच आंकडा उचलला. शेवटच्या होलावर स्विल्कन नांवाच्या ओढ्यावरील लहानसा दगडी पूल कित्येक शतकांचा जुना आहे. चौदाव्या होलावरील एका अजस्र बंकरास लोकांनीं 'नरक' असेंच नांव दिलें आहे.

पहिल्या व अठराव्या होलांस आडवा छेदून एक सार्वजनिक रस्ता समुद्राकडे जातो. वाटसरू जाईपर्यंत खेळाडूनें, मग तो कितीही मोठा असो, थांबलें पाहिजे. रविवारीं, मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडल्यास, ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. त्या दिवशीं गवतास विश्रांति मिळते आणि गांवकरी मुलांलेंकरांसह व कुत्र्यांसह तेथें फिरावयास येतात. ज्या हिरवळीवर पाऊल टाकण्यासाठीं परदेशचे खेळाडू वर्षानुवर्षें वाट पाहतात, तिच्यावर गांवांतील लहान मूल रविवारीं खुशाल बागडतें.

हें सर्व मात्र आपोआप टिकलेलें नाहीं. इ. स. १५५२ मध्यें आर्चबिशप हॅमिल्टन यांस या लिंक्सवर ससे पाळण्याचा हक्क मिळाला; त्याच सनदेंत नगरवासीयांचा तेथें गोल्फ, फुटबॉल इत्यादि खेळ खेळण्याचा हक्क मान्य केलेला होता. पुढें इ. स. १७९७ मध्यें नगरपालिकेचा खजिना रिता झाला व लिंक्स तिच्या हातून गेली. नव्या धन्यांनीं तेथें व्यापारासाठीं ससे पाळण्यास आरंभ केला. सशांनीं सारी हिरवळ बिळांनीं पोखरून टाकली. तेव्हां गांवकरी व ससेवाले यांच्यांत भांडण जुंपलें. तें कोर्टांतही चाललें आणि मैदानावरही चाललें, व सुमारें वीस वर्षें मिटलें नाहीं. अखेर इ. स. १८२१ मध्यें जेम्स चीप या शेजारच्या जमीनदारानें ती जमीन विकत घेतली. तो स्वतः गोल्फ खेळणारा असल्यामुळें मैदान वांचलें. परंतु वांचलें तें एका भल्या गृहस्थाच्या मर्जीवर. गृहस्थ बदलला तर काय, हा प्रश्न उरलाच. १८९० नंतरच्या वर्षांत ती जमीन क्लबानें विकत घेतली, तेव्हां नगरपालिका जागी झाली, आणि इ. स. १८९४ मध्यें पार्लमेंटचा खास कायदा करवून तिनें लिंक्स गांवासाठीं परत मिळविली. पुढें १९७४ च्या कायद्यानें तिची व्यवस्था एका ट्रस्टाकडे सोंपविण्यांत आली. सनद १५५२ ची, पण हक्क पक्का झाला तो साडेतीनशें वर्षांच्या झगड्यानंतर.

आज येथें लहानमोठीं सात सार्वजनिक मैदानें आहेत. ओल्ड कोर्सवर खेळावयाचें झाल्यास हँडिकॅपचा दाखला लागतो. आणि ज्यांनीं आगाऊ वेळ ठरविलेली नाहीं त्यांस दोन दिवस आधीं नांव देऊन चिठ्ठ्यांत नशीब पाहतां येतें. स्थानिक रहिवाशांस मात्र वर्षाचा परवाना माफक दरांत मिळतो. नवशिक्यांसाठीं व मुलांसाठीं बॅल्गोव्ह नांवाचें नऊ होलांचें सोपें मैदान आहे.

येथें चेंडूविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. कारण मैदान सर्वांचें असलें तरी चेंडू सर्वांस परवडत नव्हता. जुना चेंडू कातड्याच्या पिशवींत उकडलेलीं पिसें ठांसून करीत. कुशल कारागिराच्या हातून दिवसाकांठीं तीन-चारच चेंडू होत. ते महाग पडत, आणि पावसांत भिजले कीं फाटत. इ. स. १८४८ च्या सुमारास मलायाकडील झाडांच्या चिकापासून होणाऱ्या गटापर्चाचा चेंडू निघाला. ऊन पाण्यांत मऊ करून तो पुन्हां वळतां येई. हिंदुस्थानांतून सेंट अँड्र्यूज येथें आलेली विष्णूची मूर्ति याच पदार्थांत बांधलेली होती व त्यावरून एका विद्यार्थ्यास हा चेंडू सुचला, अशी एक आख्यायिका आहे. तिचा खरेखोटेपणा कसाही असो, चेंडू स्वस्त झाला हें खरें. ॲलन रॉबर्टसन हा पिसांच्या चेंडूंचा नामांकित कारागीर. त्याचा साथीदार टॉम मॉरिस नवा चेंडू खेळला म्हणून दोघांचें बिनसलें. परंतु काळ टॉमच्या बाजूचा होता. स्वस्त चेंडूमुळें साधीं माणसें मोठ्या संख्येनें मैदानावर आलीं. आणि टॉम मॉरिस १८६४ पासून १९०३ पर्यंत सेंट अँड्र्यूजच्या मैदानाचा राखणदार होता.

सेंट अँड्र्यूजहून टे नदीची खाडी ओलांडून डंडी शहरावरून पुढें गेलें कीं कार्नूस्टी लागतें. येथील लिंक्स इ. स. १८९० मध्यें गांवानें डलहौसीच्या अर्लकडून विकत घेतली. मैदान सार्वजनिक असलें तरी सोपें मुळींच नाहीं. 'ओपन' स्पर्धा येथें १९३१ पासून २०१८ पर्यंत आठ वेळां झाली आहे. बॅरी नांवाचा ओढा वळणें घेत शेवटच्या होलांस पुन्हां पुन्हां आडवा येतो. इ. स. १९९९ मध्यें फ्रान्सचा ज्याँ व्हान द वेल्ड हा शेवटचा होल सहा टोल्यांत पुरा करता तरी अजिंक्य ठरता. त्यानें सावधपणें खेळण्याचें सोडून धाडस केलें. चेंडू ओढ्यांत पडला. बूटमोजे काढून तो पाण्यांत उतरला. पण तेथून खेळणें अशक्य दिसल्यावर दंड पत्करून मागें आला. त्यास सात टोले लागले, आणि निकालासाठीं खेळलेल्या जादा होलांत ॲबर्डीनचा पॉल लॉरी जिंकला. हातीं आलेलें यश शेवटच्या पावलापर्यंत जपावें लागतें, हा धडा परीक्षार्थी विद्यार्थ्यांस वेगळा सांगण्याची गरज नाहीं.

आणखी उत्तरेस माँट्रोज आहे. सोळाव्या शतकांतील जेम्स मेल्व्हिल यानें आपल्या आत्मवृत्तांत लिहिलें आहे कीं, लहानपणीं या भागांतील शाळेंत त्यास धनुष्याबरोबर गोल्फची काठीही धरावयास शिकविण्यांत आली. पुढें तो सेंट अँड्र्यूज येथें शिकावयास गेला तेव्हां वडिलांनीं धनुष्य, बाण, काठी व चेंडू दिले. टेनिस व गुत्ता यांसाठीं मात्र पैसे दिले नाहींत! वडिलांचा हिशेब आमच्या पालक वाचकांस पटेल. टेनिसच्या बांधीव आवारांत पैसे पडत. लिंक्सवर ते पडत नसत. माँट्रोजच्या एका मैदानास १५६२ हा सनच नांव म्हणून दिलेला आहे.

शेवटीं ॲबर्डीन. येथील किंग्ज लिंक्स समुद्राला लागूनच आहे व सर्वांस खुली आहे. याच नगरींतील गोल्फ-मंडळीनें इ. स. १७८३ मध्यें हरवलेला चेंडू पांच मिनिटेंच शोधावा असा नियम केला. तो पुढें सर्वत्र पाळला गेला व २०१९ पासून पांचाचीं तीन मिनिटें झालीं. दुसऱ्यास खोळंबून ठेवूं नये, हें त्यामागचें तत्त्व. जेथें मैदान सर्वांचें, तेथें वेळही सर्वांचा असतो.

आपल्या देशांत हा खेळ फार पूर्वीं आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ मधील, व मुंबईचा १८४२ मधील. परंतु येथें खेळ आला, गांवकीचें मैदान मात्र त्याबरोबर आलें नाहीं. तो क्लबाच्या कुंपणाआडच वाढला. अलीकडे दिल्लीस कुतुब येथें व नव्या मुंबईंत खारघर येथें सरकारी संस्थांनीं सर्वांस खुलीं अशीं मैदानें केलीं आहेत. नाशिकचें हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आजही गोल्फ क्लब मैदान म्हणून ओळखलें जातें. नांवांत गोल्फ राहिला, आणि मैदानावर क्रिकेट रंगतें.

गोल्फला जागा फार लागते. दाट वस्तीच्या आपल्या शहरांत तो सर्वत्र व्हावा, असें आमचें म्हणणें नाहीं. घ्यावयाचें तें निराळेंच आहे. ब्रंट्सफील्डची फुकट हिरवळ, मसलबराच्या कोळणी, सेंट अँड्र्यूजचा रविवार, हें सर्व टिकलें तें जमीन कोणाची हें कागदावर स्पष्ट होतें म्हणून. आणि जेथें तें पुसट झालें तेथें लोक कोर्टांत व पार्लमेंटांत गेले म्हणून. आपल्याही गांवांना गायरानें होतीं व आहेत. शाळेमागें, नदीकांठीं, देवळापुढें पटांगणें आहेत. त्यांवर आज आट्यापाट्या चालतील, उद्यां क्रिकेट चालेल. खेळ कोणताही असो. आमच्या विद्यार्थ्यांनीं येत्या सुटींत आपल्या गांवच्या मैदानाचा सात-बारा कोणाच्या नांवें आहे एवढें वडीलधाऱ्यांस विचारावें, आणि मिळालेलें उत्तर वहींत लिहून ठेवावें.